उपजत सरळ

"काकू, इथं केसांना इस्त्री करून मिळते का?" — प्रश्न तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला, आधी 'केसांना'वर जोर देऊन, मग 'इथं'वर जोर देऊन, आणि 'इथं'वरचाच जास्त झणझणीत असं ठरवत असताना तिच्या बोटाला कानामागे ती पिन लागली. काळी, चपटी, एका टोकाचा रबरी ठिपका झिजून गेलेली. सकाळी घाईत काढायची राहिलेली. म्हणजे दिवसभर ती तिथेच होती — हजेरीला, गणिताला, मधल्या सुट्टीत रेशीमने तिच्या केसांतून बोटं ओढत "काय गं हे, नुसतं पाणी!" म्हटलं तेव्हासुद्धा. रेशीमच्या बोटांपासून दोन बोटांवर पिन बसून होती, गुपचूप, दार आतून लावून बसल्यासारखी. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. हिला हसू आलं. हल्ली असं होई, भीती वाटायच्या जागी हसूच येई, आणि हसू आलं की ती स्वतःलाच इतकी आवडे की बाकावर सरळ बसणं अवघड होई.

भूगोलाच्या बाई फळ्यावर वाऱ्याच्या दिशा काढत होत्या. तिने मान खाजवल्यासारखं करत पिन ओढली, एक केस तुटला, डोळ्यांत पाणी आलं, पिन मुठीत आली आणि मुठीतून स्कर्टच्या खिशात गेली. झालं. कुणालाही कळलं नाही. मला काहीही जमतं, असं तिला वाटलं. काहीही म्हणजे काहीही.

या शाळेत तिचं नाव पट्टी. केस असे खाली पडतात, म्हणे, की त्यावरून रेघ मारावी. हे नाव पहिल्याच आठवड्यात रेशीमने ठेवलं आणि रेशीमने ठेवलेलं नाव म्हणजे दगडावरची रेघ. रेशीमचे स्वतःचे केस कमरेपर्यंत, आणि ती कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या केसांबद्दल चांगलं बोलत नसे. दुसरी भोंगा. भोंगा कानात काही सांगते तेव्हा ते दोन वर्गांना ऐकू जातं. या दोघींच्या मधली जागा आता तिची होती. मधली! जुन्या शाळेत ती भिंतीकडेची होती आणि तिथे तिचं नाव काथ्या होतं. मागच्या बाकावरची मुलं तिच्या केसांत पेन्सिली खोचून ठेवत आणि तिला पत्ताच लागत नसे. घरी आल्यावर आई केस विंचरताना पेन्सिल सापडे, एकदा टोकयंत्रातली साल, एकदा चघळून टाकलेलं पेनाचं टोपण... आई ते ओट्यावर ठेवून द्यायची. पेन्सिली आम्ही वापरल्या. वर्षभर मला पेन्सिल विकत घ्यावी लागली नाही... हे ती आता विनोद म्हणून सांगू शकली असती, इतकी ती बदलली होती. पण सांगणार कुणाला? काथ्या कोण हे इथे कुणाला माहीत होतं!

पैज मधल्या सुट्टीत लागली.

"तुझी हिंमत नाही," भोंगा म्हणाली.

"माझी? माझी हिंमत काढतेस तू?"

"आत जायचं. काउंटरला टेकायचं. आणि चेहरा अगदी साधा ठेवून विचारायचं. हसलीस की बाद."

"आणि 'काकू' म्हणायचं हं," रेशीम म्हणाली, "उगाच उद्धटपणा नको." यावर तिघी इतक्या हसल्या की भोंग्याच्या नाकातून पाणी आलं.

शाळेपासून बसथांब्याकडे जाताना कोपऱ्यावर लॉन्ड्री लागते. समोर मोठी काच, काचेआड काउंटर, काउंटरमागे कपड्यांची रांग आणि त्या रांगेपुढे वाफेवरच्या इस्त्रीपाशी एक बाई. दिवसभर वाफेत उभी राहून तिचे केस असे फुललेले असतात की — रेशीमचे शब्द — "डोकं उकडायला ठेवलंय नि झाकण उडालंय." भोंगा तिला पायपुसणं म्हणते. तिथून जाताना पायपुसण्याला रोज नवी उपमा द्यायची असा खेळ झाला होता. आणि या खेळात पट्टीचा हात कुणी धरत नसे. "घरट्यातून अंडी खाली पडू नयेत म्हणून मान हलवत नाही बघ," हे तिचंच होतं. फार गाजलं होतं ते.

आणि ती बाई माझी आई आहे.

आता हे असं लिहिलं की वाटतं, केवढं मोठं काही. तेव्हा फार छोटं होतं. पहिल्या आठवड्यात काचेसमोरून जाताना रेशीम म्हणाली होती, "अय्या, ते बघ झुडूप," आणि ती हसली. दोघींच्या आधी हसली. 'आई आहे माझी' — तीनच शब्द, इतके हलके की ते उद्याही सांगता आले असते. उद्या ती विसरली. परवा रेशीमने तिला मधली जागा दिली. मग ते शब्द दिवसेंदिवस फुगत गेले, भिजत घातल्यासारखे, आणि आता तोंडात मावेनात. घरी एकदा आईने विचारलं होतं, "काचेतून दिसता तिघी. मैत्रिणी का गं त्या? बोलवायचंस की आत." "घाईत असतो गं आम्ही," ती म्हणाली होती. त्या दिवसापासून त्या तिघी काचेसमोरून जाताना आई मान वर करत नाही... हे तिच्या लक्षात आलं होतं. सोयीचं होतं. सोयीच्या गोष्टींचा कुणी विचार करत बसतं का?

घंटा झाली. वाऱ्याच्या दिशा अर्ध्याच राहिल्या.

रस्ता नेहमीचाच होता: चपलांचं दुकान, चाव्या करून देणारा, खांबाला बांधलेली चाक नसलेली सायकल. ती मधे चालत होती आणि तिचे केस पाठीवर एकसंध हलत होते, डावीकडे, उजवीकडे, जड पडद्यासारखे. या हलण्याची तिला अजून सवय झाली नव्हती. कुरळे केस हलत नाहीत, डोक्याबरोबर नुसते सोबत येतात. सरळ केस मागून येतात, जरा उशिरा, लाडावल्यासारखे. दुकानांच्या काचांतून ती स्वतःला जाताना बघत होती आणि प्रत्येक काचेत मला वाटत होतं, बाप रे, ही कोण?

ही कोण, ते आईने केलं होतं. आपल्या हातांनी.

सुट्टीत, नवी शाळा सुरू व्हायच्या आधी, आई कामावर असताना तिने घरातली कपड्यांची इस्त्री तापवली होती. टेबलावर डोकं आडवं ठेवलं, केसांवर खाकी कागद पसरला, कुठेतरी असं करतात म्हणून ऐकलं होतं. चर्रर्र झालं. वास आला. घरभर पसरला, पडद्यांना लागला, संध्याकाळी आई दारातच थांबली आणि तिने नाक वर केलं. हिला वाटलं आता मुस्कटात बसणार. पण आईने कात्री आणली, ती बट कापली आणि खिडकीपाशी उजेडात धरली, जसा करपलेला शर्ट धरते तसा. बोटांत चुरगळली. भुगा झाला. "कापड पिवळं पडलं तर कधी कधी निघतं," आई म्हणाली, "करपलं की परत येत नाही. इस्त्री लावायची नाही. पुन्हा लावलीस तर बघ." आणि मग, बऱ्याच वेळाने, भांडी घासता घासता, पाठ वळवूनच: "ओलं असताना बसवलं की तसंच वाळतं. कापडाचं तेच, केसांचं तेच. मी देते बसवून."

तेव्हापासून एक दिवसाआड संध्याकाळी. केस धुवायचे, टॉवेलने टिपायचे, चोळायचे नाहीत. आई मागे खुर्चीवर, ती पुढे पाटावर, आईच्या गुडघ्यांच्या मधे. ओल्या केसांचा भांग पाडून आई एकेक बट कंगव्याने ताणते आणि डोक्याभोवती सपाट फिरवत नेते, कपाळावरून कानावर, कानावरून मागे, पागोट्यासारखी गोल गोल, आणि दर बोटाबोटावर पिन. पिना ओठांत धरलेल्या असतात. दुकानात कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या टाचतानाही ती अशाच धरते. शेवटी वर बाबांच्या जुन्या बनियनची शिवलेली घट्ट टोपी. सकाळी उठून पिना काढल्या, कंगवा फिरवला की — पट्टी! एकच पथ्य. ओल लागू द्यायची नाही. घाम, दव, वाफ... वाफ लागली की केसांना सगळं आठवतं.

"पोचलो," भोंगा म्हणाली. "जा."

दार ढकलल्यावर वर बांधलेली घंटी वाजली आणि आत गरम, साबणाच्या वासाचा ढग होता. आई पाठमोरी होती, पायाने पेडल दाबत होती, कुणाची तरी पांढरी बाही मशीनच्या जबड्यात होती. घंटीला तिने नेहमीच्या आवाजात "आले हं" म्हटलं. घरी तिचा असा आवाज नसतो. हा जरा उंच, जरा पुसून घेतलेला. मग ती वळली.

मला वाटतं, त्या क्षणी आईचा चेहरा उजळला. मला वाटतं, कारण तो इतका कमी वेळ होता की नंतर संध्याकाळभर मी तो पुन्हा पुन्हा उलगडून बघत राहिले. तिला वाटलं असेल, आज आत आली! मैत्रिणींना घेऊन! आणि ओठांतली पिन काढायला हात वर गेला सुद्धा... आणि मग तिने पाहिलं. दाराला टेकून दोघी, एकमेकींना चिमटे काढणाऱ्या. पुढे मी, काउंटरला कोपर लावून, चेहरा अगदी साधा.

"बोला ताई," आई म्हणाली.

एवढं सोपं होतं ते! तिला काही करावंच लागलं नाही. आईनेच दार उघडून दिलं आणि ती आत गेली.

"काकू, इथं केसांना इस्त्री करून मिळते का?"

मागे भोंग्याने तोंडात दप्तराचा पट्टा कोंबला.

आईने पिन ओठांतून काढून काउंटरवर ठेवली. "नाही ताई. केसांना नाही करत. करपतात."

बस. पैज इथे संपली होती. मागे वळायचं होतं, मधल्या जागेवर जाऊन उभं राहायचं होतं. पण तिच्या आत काहीतरी उधळलं होतं, उतारावर सुटलेल्या सायकलसारखं, पाय पेडलवरून सुटलेले, वारा कानांत, आणि किती छान वाटत होतं ते, किती भयंकर छान... आणि पुढचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैज लावली नव्हती, ते पूर्णपणे तिचं स्वतःचं होतं.

"मग तुम्ही तुमचे करपवून घेतलेत का?"

दारापाशी कुणीतरी किंचाळल्यासारखं हसलं. मशीनने आपली आपणच एक लांब वाफ सोडली.

आई तिच्याकडे बघत होती. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर असतं. ती बघत होती तिच्या कानशिलाकडे. नेमकं तिथे, जिथे वाफ येत होती. आणि तेव्हा तिला स्वतःलाही जाणवलं, कपाळाच्या कडेला काहीतरी गुदगुल्या केल्यासारखं सरकत होतं, एक बारीक केस वर उचलला जात होता, मग दुसरा...

"नाही ताई," आई म्हणाली, "माझे उपजतच असे." तिने हात मागे नेऊन मशीनची कळ बंद केली. वाफ कुरकुरत थांबली. "तुमचे छान आहेत. सरळ."

"हो," ती म्हणाली. "माझेपण उपजतच."

"वाफेत उभ्या राहू नका," आई म्हणाली. "केस बिघडतात. जा बाहेर."

बाहेर आल्यावर भोंगा रस्त्यातच खाली बसली. "'करपवून घेतलेत का!' मेले मी, मेले!" रेशीमने तिच्या गळ्यात हात टाकला — रेशीम कुणाच्या गळ्यात हात टाकत नसे — आणि म्हणाली, "पट्टी, तू ना, महाडांबिस आहेस." आणि मग, डोळे पुसत, "पण बिचारी किती गरीब गं. ऐकूनच घेते. तोंडावर कुणी थुंकलं तरी 'ताई'च म्हणेल." तिने मान हलवली. हसली. हसू व्यवस्थित आलं. बस आली तेव्हाही हसतच होती. फक्त कानशिलावरचे ते दोन केस तिने थुंकी लावून खाली बसवले, आणि ते पुन्हा वर आले, आणि तिने पुन्हा बसवले.

घरात कुणी नव्हतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्या इमारतीत कधी काय अडकेल याचा भरवसा नाही. तिने दिवा लावला, खरं तर उजेड होता तरी. दप्तर टाकलं. पाणी प्यायली. न्हाणीघरात जाऊन केस धुतले, कारण आज धुवायचा दिवस होता, आणि धुताना वाटलं, आई आज येणारच नाही. मग वाटलं, येईल आणि काही बोलणार नाही. मग वाटलं, येईल आणि बोलेल. तिन्हींपैकी कुठलं वाईट? ओरडली तर मी रडेन, रडले की ती जवळ घेईल, झालं, संपलं. लहानपणी असंच असायचं... तिने तयारीसुद्धा केली, आरशासमोर. "अगं आई, गंमत होती ती." नको. "आई, चुकलं." हे बरं वाटलं, खालचा ओठ जरा पुढे काढून. आणि मग आरशात तिला दिसलं की ती 'चुकलं'वर जोर द्यावा की 'आई'वर, हे बघते आहे.

ओल्या केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. टोकं आधीच वळायला लागली होती.

आई आली ती नेहमीच्या वेळी, नेहमीसारखी, हातात भाजीची पिशवी. चपला काढल्या. "धुतलेस?" म्हणाली. "हो." "टिपलेस का चोळलेस?" "टिपले." "बस."

ती पाटावर बसली. मागे खुर्ची करकरली. आईचे गुडघे खांद्यांना लागले, गरम, दिवसभर उभे राहिलेले. कंगवा भांगातून गेला. पहिली बट ताणली गेली. ती वाट पाहत राहिली, की आज जोरात ओढेल. ओढायलाच हवं होतं. पण हात नेहमीचेच होते, ना एक गुंज कमी ना जास्त, कुणा अनोळखी माणसाच्या शर्टाची कॉलर बसवावी तितके काळजीपूर्वक.

बाबा आले, हात धुतले, समोर स्टुलावर बसले आणि आपल्या टकलावरून हात फिरवला. "माझे बघा," ते म्हणाले, "कुणी काही न करता सरळ. इतके सरळ की निघूनच गेले." हा विनोद ते दर खेपेला करतात. आई हसली. आजसुद्धा हसली.

"आज गंमत झाली दुकानात," आई म्हणाली. ओठांतल्या पिनांमुळे शब्द चपटे निघत होते. "तीन पोरी आल्या होत्या. शाळेच्या."

मी डोळे मिटले.

"एक म्हणाली, केसांना इस्त्री करून मिळते का. मी म्हटलं, नाही ताई, करपतात. तर म्हणते — मग तुम्ही तुमचे करपवून घेतलेत का." पिन. केस कपाळावरून कानावर गेले. पिन.

बाबा हसायला लागले होते ते मधेच थांबले. "तुला म्हणाली? तोंडावर?"

"हो. हजरजबाबी आहे पोरगी."

"कसली हजरजबाबी! थोबाड रंगवायचं होतंस. कुणाची कार्टी होती?"

आईचा हात थांबला नाही. तो थांबेल म्हणून मी सगळं अंग कानात आणून बसले होते. तो थांबला नाही.

"काय माहीत," आई म्हणाली. "चांगल्या घरातली वाटत होती. केस छान होते तिचे. सरळ. उपजतच तसे आहेत म्हणाली."

"आईबापांनी काही शिकवलं नसेल," बाबा म्हणाले. ते खरंच चिडले होते. चिडले की त्यांच्या टकलावर लाली चढते. "सगळं आयतं मिळालं की हे असं. आणि तू 'ताई ताई' करत बसलीस असशील."

"गिऱ्हाईक आहे ते."

"उद्या दुपारी मी मोकळा आहे. येऊन उभाच राहतो तुझ्या दुकानात. रोज त्याच रस्त्याने जात असतील ना? येऊ दे. कान धरून विचारतो, कुणाची गं तू?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या शाळेतल्या असतील गं? तुला माहितीयेत का?"

डोकं आता तीन बाजूंनी बांधलेलं होतं. मान वळवता येत नव्हती. कातडी इतकी ताणली गेली होती की भुवया आपोआप वर गेल्या होत्या आणि चेहऱ्यावर एक बावळट आश्चर्य आलं होतं, ते पुसताही येत नव्हतं.

"शाळा मोठी आहे, बाबा," ती म्हणाली.

आईने पुढची बट घेतली.

म्हणजे आई बोलणार नव्हती. मला हळूहळू कळत गेलं, पिनेपिनेगणिक, की ती कधीच बोलणार नव्हती. उद्या बाबा दुकानात येऊन उभे राहिले तरी नाही. दारावरची घंटी वाजेल, मी आत जाईन किंवा जाणार नाही, आणि ती म्हणेल, बोला ताई. मी तिला जे मागितलं होतं तेच ती देत होती — न ओळखणं. चांगलं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. आणि हे ती किती दिवस देत आली होती, मान खाली घालून, काचेआडून! तिला वाटत होतं, आपण आईला फसवलं. आईने स्वतःहून आपला चेहरा काढून बाजूला ठेवला होता, मला अडचण नको म्हणून, आणि आज मी आत जाऊन त्यावरही पाय दिला. आणि तरी ती वाफ बंद करते. मला सहन होत नाही ते वाफेचं. बाकी सगळं होतं. तिने मशीन बंद करायला नको होतं, सगळ्यांसमोर केस उडून वर यायला हवे होते, रेशीमला कळायला हवं होतं, मग मी रडले असते आणि तिच्यावरच ओरडले असते, तुझ्यामुळे, तुझ्या घाणेरड्या केसांमुळे... हो, असंच ओरडले असते मी. हेही तिला ठाऊक असणार.

"एक पिन दिसत नाही," आई म्हणाली.

वाटीत खडखड झाली. मानेवर शेवटची बट ओली, एकटी, लोंबत होती. ती धरून आई थांबली होती.

"सकाळी नीट ठेवल्या होत्यास ना?"

"हो."

"मग गेली कुठे?"

पिन शाळेच्या स्कर्टच्या खिशात होती. स्कर्ट अंगावरच होता. हात खिशात गेला, बोटांना ती लागली, झिजलेलं टोक, धारदार. काढून द्यायची. एवढंच. इतकी साधी गोष्ट. पण द्यायची तर मागे न बघता हात वर करायचा, आणि आईचा हात खाली येणार, आणि दोन हात भेटणार...

"असू दे," आई म्हणाली आणि ती बट नुसतीच मानेवर सोडून दिली. खुर्ची मागे सरकली. खांद्यांवरचे गुडघे गेले. गार लागलं तिथे. "झालं ताई."

बाबा खो खो हसले. "घरीपण ताई! सवय बघा बाईची!"

आईही हसली. मी पाठमोरी होते, तो आवाज फक्त ऐकला, उंच, पुसून घेतलेला. दुकानातला.

तेव्हा ती उठली. डोकं गच्च बांधलेलं, मागे एक बट लोंबते आहे, मूठ खिशात. आणि तिच्या आत पुन्हा तेच सुरू झालं, तीच उतारावरची सायकल, तोच कानांत वारा. अगदी तोच, तिला शरम वाटली की तो तोच आहे, दुसरा कुठला चांगला, दु:खी, शहाणा वारा नाही. फक्त या वेळी दाराशी कुणी तोंडात पट्टा कोंबून उभं नव्हतं.

"बाबा, तुम्ही उद्या जाऊ नका," ती म्हणाली. आवाज फारच मोठा निघाला, भोंग्यासारखा. "मी जाणार आहे. उद्या मी हे केस सरळ न करता शाळेत जाणार. आणि सुटल्यावर दुकानात. बाहेरून नाही. काउंटरच्या आत. आईच्या बाजूला उभी राहणार, मशीन चालू असताना, वाफेत. जी कुणी येईल तिने यावं आणि विचारावं काय विचारायचं ते."

"शाब्बास!" बाबा म्हणाले. "याला म्हणतात पोरगी. आली की कान धर तिचा."

आईने हात पुढे केला होता, तळवा वर. पिन मागत होती की काढ मग सगळ्या म्हणत होती, की काउंटरवर नेहमी धरते तसा तो नुसताच धरला गेला होता, हे तिला कळेना. आईच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिची हिंमत! मूठ खिशातच राहिली, पिनेचं टोक तळव्यात रुतत होतं, आणि मानेवर ती सुटी राहिलेली बट होती, अजून सरळ नाही, अजून कुरळी नाही, नुसती ओली.

"ठरलंय माझं," ती पुन्हा म्हणाली, जरा हळू. "ऐकलंस का, आई?"